नाकारलेली किल्ली

बँकेतून धनादेश परत येतो तेव्हा त्याच्यासोबतच्या चिठ्ठीवर कारण नोंदलेले असते. पुरेशी शिल्लक नाही, तारीख उलटून गेली, खाडाखोड आहे, किंवा सही नमुन्याशी जुळत नाही. यांपैकी शेवटचे कारण व्यापारी माणसाच्या मनाला सर्वांत अधिक लागते. खात्यात पैसा आहे, सही स्वतःच्या हाताची आहे, आणि तरीही समोरचा म्हणतो की हा माणूस तो नव्हे. पहिला उद्गार रागाचाच निघतो. पण पेढीवर चार पावसाळे काढलेल्या माणसाला थोड्याच वेळात उमगते, की ज्या कारकुनाने आज खरी सही नाकारली, त्याच कारकुनाच्या काटेकोरपणावर खात्याची राखण अवलंबून आहे. जो कोणतीही सही चालवून घेतो, तो एक दिवस चोराचीही चालवून घेईल.

अलीकडच्या काळात अशीच एक चिठ्ठी व्यापारी घरांत निराळ्या वाटेने येऊ लागली आहे. ती कागदावर नसते, संगणकाच्या काळ्या पडद्यावर एका ओळीत उमटते: ‘परमिशन डिनाइड, पब्लिककी’. परवानगी नाही, किल्ली मान्य नाही. ज्या घरातील मुलगा, मुलगी किंवा सून संगणकाच्या क्षेत्रात आहे, त्या घरात ही ओळ कधी ना कधी कोणाच्या तरी कपाळावर आठ्या आणून गेलेली असते. पेढीचा साठा, उधारी, हिशेबपट्ट्या सांभाळणारे छोटे-मोठे प्रोग्राम आता पुष्कळ ठिकाणी घरातच लिहिले जातात. त्यांची मूळ प्रत एका संगणकावर ठेवणे म्हणजे खातेवही उघड्या ओट्यावर ठेवण्यासारखे आहे. म्हणून ती दूरच्या एखाद्या भांडारात ठेवतात. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली गिट ही पद्धत प्रोग्राममधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. कोणती ओळ कोणी, कधी आणि का बदलली, हे सारे रोजमेळासारखे तिच्यात उतरते. गिटहब, गिटलॅब, बिटबकेट ही अशा वह्या सांभाळणारी भांडारे होत. त्यांच्या दाराशी जाण्याच्या सुरक्षित मार्गाला एसएसएच म्हणतात, आणि त्या दारापाशी ओळख पटवण्याचे साधन म्हणजे ही किल्ली.

किल्ली हे नाव मात्र थोडे फसवे आहे. तिजोरीची किल्ली कुलपात घालावी लागते, आणि ज्याच्या हाती ती पडली तो तिची नक्कल करवून घेऊ शकतो. एसएसएचची किल्ली दोन भागांची असते, आणि तिचा व्यवहार कुलपापेक्षा सहीच्या अधिक जवळचा आहे. सार्वजनिक भाग हा नमुना सहीसारखा असतो. तो भांडाराकडे आधी नोंदवून ठेवायचा, आणि तो कोणी पाहिला तरी बिघडत नाही. खासगी भाग हा सही करणारा हात. तो मालकाच्या संगणकावरून कधीही हलत नाही. दाराशी गेल्यावर मालकाचे यंत्र सांगते की माझा नमुना अमुक आहे. भांडार आपल्या नोंदीत तो शोधते. सापडला, तर मालकाचे यंत्र त्या एका भेटीच्या खुणेवर खासगी भागाने सही करून देते, आणि भांडार ती नमुन्याशी ताडून पाहते. ही सही त्या भेटीपुरतीच खरी असते. वाटेत कोणी ती टिपून ठेवली तरी दुसऱ्या भेटीत ती निरुपयोगी ठरते. नमुना पाहून कोणालाही सही पडताळता येते, पण नमुन्यावरून ती घडवता येत नाही.

ही कल्पना फार जुनी नाही. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली सार्वजनिक किल्लीचा विचार जगापुढे मांडला. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती प्रत्यक्ष वापरता येईल अशी रीत शोधली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती आरएसए म्हणून ओळखली जाते. एसएसएचचा जन्म १९९५ सालचा. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी चोरून कान लावून परवलीचे शब्द टिपून घेतले. त्या काळी हे शब्द तारेवरून उघडेच जात असत. त्या घटनेनंतर तेथील तातू युलोनेन यांनी बोलणे गुप्त ठेवणारी आणि ओळख पटवणारी ही योजना लिहिली. १९९९ साली ओपनबीएसडी प्रकल्पाने तिचे ओपनएसएसएच हे मुक्त रूप आणले, आणि आज बहुतेक संगणकांवर तेच असते. म्हणजे ज्या दारापाशी आज किल्ली नाकारली जाते, ते दार मुळात एका चोरीनंतरच बसवले गेले आहे.

दार उघडले नाही की पुष्कळ जण एकाच वेळी दहा उपाय करतात. जुन्या फाइली पुसतात, नव्या किल्ल्या घडवतात, कोणीतरी सुचवलेली आज्ञा न वाचताच चालवतात. हे रोजमेळ जुळत नसताना पाने फाडण्यासारखे झाले. जाणता दिवाणजी फरक आधी कोठे आहे ते शोधतो. येथेही नकाराचे चार प्रकार आहेत, आणि ते वेगळे ओळखता आले की अर्धे काम होते.

पहिल्या प्रकारात दारापर्यंत पोहोचताच येत नाही. पडदा बराच वेळ स्तब्ध राहतो आणि शेवटी वेळ संपल्याचे कळवतो. एसएसएचचा नेहमीचा मार्ग २२ क्रमांकाच्या पोर्टवरून जातो. काही कचेऱ्या, वसतिगृहे, हॉटेले तो मार्ग बंद ठेवतात. अशा वेळी किल्लीला दोष देण्यात अर्थ नसतो. गिटहबने यासाठी ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरही एसएसएचची सोय ठेवली आहे, कारण सामान्य सुरक्षित संकेतस्थळांचा तो मार्ग सहसा कोणी बंद करत नाही.

दुसऱ्या प्रकारात नकार भांडाराचा नसून स्वतःच्याच संगणकाचा असतो. पहिल्या भेटीत तो भांडाराची खूण लक्षात ठेवतो. पुढे ती खूण बदललेली दिसली की मोठ्या अक्षरांत इशारा देऊन थांबतो. पुष्कळ जण हा इशारा पाहून चिडतात आणि जुनी खूण पुसून पुढे जातात. मार्च २०२३ मध्ये गिटहबने आपली आरएसए खूण बदलली. तिचा खासगी भाग एका सार्वजनिक भांडारात थोडा वेळ उघडा पडल्याचे लक्षात आले होते. त्या दिवशी असंख्य संगणकांनी हा इशारा दिला, आणि तो योग्यच होता. नव्या खुणेचा ठसा गिटहबने स्वतः प्रसिद्ध केला होता. तो अक्षर-अक्षर ताडून मगच होकार देणे हा शहाणपणाचा मार्ग होय. अनोळखी माणूस पेढीच्या नावाने वसुलीला आला तर फोन करून खात्री करून घेतात, तसेच हे आहे.

तिसरा प्रकार हाच खरा किल्लीचा नकार. यात भांडार भेटते, बोलते आणि म्हणते की तुम्ही पुढे केलेल्यांपैकी एकही किल्ली मान्य नाही. कारणे अनेक असू शकतात. कधी यंत्र योग्य किल्ली पुढेच करत नाही, कारण तिची फाइल निराळ्या नावाने किंवा निराळ्या जागी ठेवलेली असते. कधी उलट होते. एकाच संगणकावर आठ-दहा किल्ल्या जमलेल्या असतात, यंत्र त्या एकामागून एक दाखवत सुटते, आणि खरी किल्ली येण्याआधीच भांडार कंटाळून दार लावून घेते. ओपनएसएसएचच्या सर्व्हरची मूळ मर्यादा सहा प्रयत्नांची आहे. म्हणजे किल्ली जवळ असूनही केवळ किल्ल्यांच्या गर्दीमुळे माणूस बाहेर राहू शकतो. अशा वेळी कोणत्या दारासाठी कोणती किल्ली, हे रचनेच्या फाइलीत स्पष्ट लिहून ठेवावे लागते. कधी माणूस स्वतःच्या नावाने आत जाऊ पाहतो, पण या भांडारांत दाराशी सर्वांचे नाव ‘गिट’ हेच असते, आणि खरी ओळख किल्लीवरून पटते. कधी आज्ञा मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने चालवली जाते, आणि मग यंत्र त्या प्रशासकाच्या किल्ल्या शोधते, मालकाच्या नव्हे.

चौथ्या प्रकारात ओळख पटते, पण त्या विशिष्ट वहीला हात लावण्याचा अधिकार नसतो. गिटहब अशा वेळी ‘असे भांडार सापडत नाही’ असेच सांगते. अनधिकृत माणसाला खासगी वही अस्तित्वात आहे हेसुद्धा कळू नये, हा त्यातील हेतू. पेढीवरचा जुना नोकरही अनोळखी माणसाला मालक गावात आहेत की नाहीत ते सांगत नसे.

हे प्रकार ओळखण्याचे साधन साधेच आहे. एसएसएचच्या आज्ञेला उणे चिन्हासह व्ही हे अक्षर जोडले, की यंत्र आपले प्रत्येक पाऊल बोलून दाखवते: कोणत्या पत्त्यावर गेलो, कोणती फाइल उघडली, कोणती किल्ली पुढे केली, भांडाराने काय उत्तर दिले. त्या साठ-सत्तर ओळी किचकट दिसतात, पण शेवटच्या दहा-बारा शांतपणे वाचल्या तर फरक नेमका कोठे पडला ते बहुधा कळते.

सांगलीच्या बाजारातील हळदीच्या एका अडत पेढीवर या विषयाची कसोटी लागली, ती ऐन हंगामात. पेढीचा प्रोग्राम धाकट्या मुलाने लिहिलेला होता. पुढे तो नोकरीसाठी पुण्यास गेला आणि थोरल्या मुलीने, जी लग्नानंतर कोल्हापुरात राहते, त्याची देखरेख हाती घेतली. पेढीवरचा संगणक रोज सकाळी भांडारातून ताजी प्रत उतरवून घेई आणि त्या प्रतीवर दिवसभराच्या हिशेबपट्ट्या निघत. एका संध्याकाळी दिवाणजींच्या नजरेला एक गोष्ट आली. अर्धवट भरलेल्या पोत्यांच्या बाबतीत बारदानाचे वजन दोनदा वजा होत होते. रक्कम लहान होती. पण वजन शेतकऱ्याच्या मालातून जात होते, आणि पट्टीवर नाव पेढीचे होते.

वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एवढेच म्हटले, की उद्याच्या सौद्यानंतर एकही चुकीची पट्टी कोणाच्या हाती जाता कामा नये, आणि आधीच्या पट्ट्यांतील फरक ज्याचा त्याला परत द्यायचा. मुलीने कोल्हापुरात बसून चूक शोधली. दोन ओळींची दुरुस्ती होती. ती रात्री साडेनऊला तयार झाली, आणि भांडाराच्या दाराशी किल्ली नाकारली गेली.

तिने लॅपटॉप नुकताच बदलला होता. जुन्या यंत्रावरील किल्ल्यांची फाइल पेन ड्राइव्हवरून नव्या यंत्रावर आली होती. पेन ड्राइव्हच्या साध्या रचनेत फाइल कोणी वाचावी आणि कोणी नाही, याची नोंद टिकत नाही. त्यामुळे नव्या यंत्रावर खासगी किल्ली सर्वांना वाचता येईल अशी उघडी पडली होती, आणि एसएसएचने तिच्याकडे पाहण्याचेच नाकारले. जी किल्ली उघड्यावर आहे ती विश्वासार्ह नाही, असे हे यंत्र मानते. फाइलीचे अधिकार ६०० आणि तिच्या कप्प्याचे ७०० केले, म्हणजे मालकाखेरीज कोणालाही वाचता येणार नाही असे केले, तेव्हा हा अडथळा दूर झाला. येथे एक मोह असतो. अधिकाराची अडचण आली की सर्वांना सर्व काही करू देणारा ७७७ हा आकडा टाकून मोकळे व्हावे, असा सल्ला पुष्कळदा मिळतो. इतर ठिकाणी तो घातक ठरतो, येथे तर तो मुळीच चालत नाही. दार जितके उघडे टाकावे, तितकी ही किल्ली अधिक ठामपणे नाकारली जाते.

तरीही नकार कायम राहिला. या वेळी यंत्राच्या बोलण्यावरून दिसले, की किल्ली पुढे केली जात होती, पण भांडाराच्या नोंदीत ती नव्हती. भावाला फोन गेला. त्याने आपले खाते उघडून पाहिले. बहिणीची किल्ली दोन वर्षांपूर्वी घाईत त्याच्याच खात्यात नोंदवलेली होती, आणि ती ओळ आता तेथे दिसत नव्हती. वर्षभराहून अधिक काळ त्या किल्लीने कोणी दार उघडलेच नव्हते. काही भांडारे अशा पडून राहिलेल्या किल्ल्या स्वतःहून काढून टाकतात. गिटहबचाही तसा नियम आहे. पेढीच्या संगणकाची किल्ली रोज वापरात असल्याने ती मात्र जागेवर होती.

भाऊ म्हणाला, “अक्का, माझी किल्ली चालतीय की. फाइलच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, टाक तुझ्या मशीनवर. दोन मिनिटांचं काम.”

रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि सकाळी सौदे होते. त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून वाटण्यासारखे होते. पण अण्णा दुसऱ्या फोनवर ऐकत होते. त्यांनी विचारले, “ही किल्ली म्हणजे नेमकं काय रे?” मुलाने सोपे करून सांगितले, की अण्णा, बँकेत जशी सही असते तशीच ही माझी सही समजा. त्यावर अण्णा क्षणभर थांबून म्हणाले, “मग तू सहीचा कागद पाठवत नाहीस, सही करणारा हातच पाठवतोयस. तो एकदा घराबाहेर गेला की परत कसा आणणार?” आणि मग मुलीला म्हणाले, “तू घाई करू नकोस. नाहीच जमलं तर उद्या हातानं पट्ट्या लिहू. दिवाणजी अजून लिहितात, आणि मीही विसरलो नाही.”

या वाक्याने त्या रात्रीचे ओझे उतरले. घाई संपली की बुद्धी चालू लागते. मुलीच्या ध्यानात आले, की पाठवायचे ते उलट दिशेने पाठवायला हवे. भावाची खासगी किल्ली इकडे येण्याचे कारण नाही. तिने नवी जोडी घडवून तिचा सार्वजनिक भाग तिकडे पाठवावा. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून गेला, दहा जणांनी वाचला, तरी हानी नाही. तिने ईडी२५५१९ या प्रकारची किल्ली तयार केली आणि खासगी भागाला परवलीचे वाक्य घातले, म्हणजे लॅपटॉप चोरीस गेला तरी केवळ फाइल मिळून चोराचे काम भागू नये. या प्रकाराचे नाव ज्या मूळ संख्येवरून आले, ती म्हणजे दोनचा २५५वा घात उणे १९. या किल्लीचा सार्वजनिक भाग अवघ्या ६८ अक्षरांत मावतो; ४०९६ बिटांच्या आरएसए किल्लीला सातशेहून अधिक अक्षरे लागतात.

भावाने ती ओळ उतरवून नोंदवू पाहिली, तर भांडाराने ती अवैध ठरवली. संदेशातून उचलताना ओळ मध्येच तुटून दोन ओळी झाल्या होत्या. पुन्हा काळजीपूर्वक एका ओळीत जोडली तेव्हा ती स्वीकारली गेली. मग बहिणीने फोनवर नव्या किल्लीचा ठसा अक्षरे सुटी करून वाचून दाखवला आणि भावाने तो आपल्या पडद्यावरच्या ठशाशी ताडून पाहिला. वाटेत कोणी दुसरीच किल्ली घुसडली नाही याची ही खात्री. पूर्वी मोठ्या रकमेची हुंडी आली की तिच्यातील रक्कम, मुदत आणि धनी यांची स्वतंत्र पत्राने शहानिशा करीत, त्याच जातीची ही काळजी होती. साडेअकराला दुरुस्ती भांडारात पोहोचली आणि सकाळी पेढीच्या संगणकाने ती उतरवून घेतली. त्या दिवशीच्या पट्ट्यांत बारदान एकदाच वजा झाले.

रात्र निभावली, पण व्यवस्था अजून पुरती झाली नव्हती. बहिणीची किल्ली भावाच्या खात्यात असल्याने भांडाराच्या दृष्टीने दाराशी येणारा भाऊच होता. एकाच्या नावावर दुसऱ्याची ये-जा, ही गोष्ट हिशेबात खपत नाही, तशी येथेही खपू नये. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचे खाते उघडले, भावाने तिला त्या भांडाराचा सहकारी म्हणून अधिकार दिला, आणि किल्ली त्याच्या खात्यातून काढून तिच्या खात्यात नोंदवली. त्यानंतर कोणत्या ओळीला कोणाचा हात लागला, हे वहीत जसे स्पष्ट असते तसे स्पष्ट झाले.

किल्ल्यांनाही वय असते, हे या विषयातील एक सहज निसटणारे सत्य आहे. किल्ली चोरीला गेली नाही, हरवली नाही, तरीही काळ तिला निकामी करतो. आरएसए किल्लीच्या सहीत पूर्वी एसएचए-१ नावाची मोहोर वापरत. २०१७ साली अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी दोन वेगळ्या फाइलींवर हीच मोहोर तंतोतंत सारखी उमटवून दाखवली. मोहोरेचा अर्थच संपला. सप्टेंबर २०२१ मध्ये ओपनएसएसएचच्या ८.८ या आवृत्तीने अशा सह्या मुळातच बंद ठेवल्या. गिटहबने ऑगस्ट २०२१ मध्ये गिटच्या कामासाठी खात्याचा परवलीचा शब्द स्वीकारणे थांबवले, आणि मार्च २०२२ मध्ये डीएसए या जुन्या प्रकारच्या किल्ल्या घेणे बंद केले. ज्यांचे संगणक वर्षानुवर्षे एकाच जागी जुन्या आवृत्तीवर चालू होते, त्यांना कोणत्याही अपराधाविना एका सकाळी दार बंद दिसले. अशा वेळी आरएसए किल्ली टाकून देण्याची गरज नसते. एसएसएचची आवृत्ती नवी केली की तीच किल्ली नव्या मोहोरेने सही करू लागते. उलट, बंद केलेली जुनी रीत पुन्हा चालू करून देणाऱ्या आज्ञाही मिळतात. त्या म्हणजे चलनातून गेलेली नोट खपवण्यासाठी आंधळ्या गिऱ्हाइकाचा शोध घेणे होय.

या साऱ्यात व्यापारी घरांनी विचार करावा असा मुद्दा यंत्राचा कमी आणि घराचा अधिक आहे. पेढीच्या बँक खात्यावर कोणाची सही चालते हे घरात सर्वांना ठाऊक असते. भागीदार बदलला, मुलगा वेगळा झाला, मुखत्यार सोडून गेला, की पहिल्या आठवड्यात बँकेला कळवले जाते. पण ज्या प्रोग्रामवर आता उधारी आणि साठा उभा आहे, त्याच्या दाराशी कोणाकोणाचे नमुने नोंदलेले आहेत, हे पुष्कळ ठिकाणी एकट्या मुलाला ठाऊक असते, आणि कधी कधी त्यालाही आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी मदतीला आलेल्या मुलाची किल्ली अजून तेथे असते. विकून टाकलेल्या लॅपटॉपची किल्ली तेथे असते. उलट, ज्याच्या नावावर सारे भांडार आहे त्याला उद्या काही झाले, तर घरातील दुसऱ्या कोणालाही त्या दाराशी ओळख नसते. परका आत आणि घरचा बाहेर, अशी ही उलटी स्थिती होय.

म्हणून सांगलीच्या त्या पेढीवर आता एक पानाची नोंद आहे. दिवाणजींनी ती स्वतःच्या वळणदार अक्षरात आखली आहे. किल्ली कोणाची, कोणत्या यंत्रावरची, कधी घडवली, कोठे नोंदवली, शेवटची वापरात कधी आली, असे पाच रकाने. खासगी किल्लीचा मजकूर त्यात नाही आणि परवलीचे वाक्यही नाही. ते लिहून ठेवण्याची गोष्टच नव्हे. भांडारावर आता भाऊ आणि बहीण या दोघांचाही पूर्ण अधिकार आहे, एकट्याचा नाही. दिवाळीत नव्या वहीचे पहिले पान आखले जाते त्या आठवड्यात ही नोंद वाचायची, जी किल्ली कोणाची ते सांगता येणार नाही ती काढून टाकायची, आणि जी चालते तिने एकदा दार उघडून पाहायचे, असा त्या घराचा शिरस्ता ठरला आहे. शेतकऱ्यांना परत द्यायच्या फरकाची यादीही त्याच हंगामात पुरी झाली. शेवटचे नाव एका वृद्ध शेतकऱ्याचे होते. त्याची रक्कम अगदी किरकोळ निघाली, तरी अण्णांनी पावती करून, सही घेऊनच ती हाती दिली.